बिगर सुपारी

१२ जानेवारी

वरचे समोरचे दोन दात आज गेले. नांदेडच्या डॉक्टरने काढले आणि माझ्या हातात ठेवले, जणू बक्षीस. कवळी बसवून देतो म्हणाला, जेवायला काही तकलीफ होणार नाही. जेवायचं कोण विचारतंय? क्लॅरिनेट त्याच दोन दातांवर टेकतो. कवळीवर टेकला तर कवळी हलणार आणि सूर गटांगळ्या खाणार.

‘शान-ए-वारंगा ब्रास बँड’चा मास्टर महेबूब आता बोळका. संतराम इतकी वर्षं माझ्या शेजारी उभा राहून दुसरा क्लॅरिनेट वाजवतो, आता पहिला वाजवील. मी पुढे उभा राहून हात हलवीन.

खताच्या दुकानदाराने ही डायरी दिली होती, तिची पानं कोरीच पडून राहिली असती. घरात आम्ही दखनी बोलतो, पण मी शिकलो जिल्हा परिषदेच्या शाळेत, त्यामुळे लिहिताना हात मराठीतच चालतो.

२६ जानेवारी

आमचं पोरगं सोहेल वेल्डिंगच्या दुकानातून सुटलं की कुठे जातं ते आज कळलं. वारंगा फाट्याच्या मागे केळी पिकवायची जुनी खोली बंद पडून आहे, तिथे. भिंती जाड, आतून थर्माकोल लावलेलं. बाहेरून काही ऐकू येत नाही. दार उघडलं आणि मला वाटलं, आत पत्रे कोसळताहेत.

तिघं जण होते. आमचा सोहेल ड्रमवर. मोबाईलच्या दुकानात बसतो तो प्रज्ञेश गिटारवर. आणि त्याची चुलतबहीण करुणा, नर्सिंग शिकणारी, माईकमध्ये ओरडत होती. ड्रम म्हणजे काय, तर माझा टाकून दिलेला मोठा ढोल आडवा केलेला, त्याला सायकलच्या पायडलचा ठोका. माझी चिरलेली झांज फवारणीच्या पंपाच्या नळीवर टांगलेली. वेल्डिंग मात्र झकास. पोरगं हाताचं हुशार आहे, त्याबद्दल वाद नाही.

“हे काय रे?” मी विचारलं.

“पंक, अब्बा.”

“म्हंजे?”

“म्हंजे येत नसलं तरी वाजवायचं. आधी शिकू, मग वाजवू, असं म्हणत बसायचं न्हाई. कोणाला विचारायचं न्हाई. खोली आपली, सामान आपलं, गाणंबी आपलंच.”

बँडचं नाव विचारलं, तर ‘बिगर सुपारी’. मला हसू फुटलं. आमच्या धंद्यात लग्नघरच्या माणसाकडून पान-सुपारी हातात घेतली की तारीख बांधली. मग घरी मयत झाली तरी उभं राहावं लागतं. आणि यांचं ठरलंय की सुपारी कधी घ्यायचीच नाही, कोणाच्या दारात कोणी सांगितलं म्हणून वाजवायचं नाही. “मंग खायचं काय?” म्हटलं. करुणा म्हणाली, “चाचा, खायला वेल्डिंग हाय, मोबाईल हाय. हे खायासाठी न्हाईच.”

गिटारची एक तार उतरलेली होती, ती मी लावून दिली. प्रज्ञेश कानकोंडा झाला. मी बाहेर पडलो तशी त्याने ती परत उतरवली, मला दारातून ऐकू आलं.

११ मार्च

रोजा सोडायला आज प्रज्ञेश आणि करुणा घरी होते. माझ्या बायकोने, मदीनाबीने, भजी, खजूर, शरबत असं सगळं मांडलं. तिला ही पोरगी फार आवडते. कानात सांगते, “आपल्या सोहेलला बोलतं केलं तिनं.” खरं आहे. माझ्यासमोर पोरगं ‘हौ’ आणि ‘न्हाई’ यापलीकडे जात नव्हतं.

करुणाला आमच्या धंद्यात फारच रस. खोदून खोदून विचारत होती. लग्नात तुमाला जेवायला कधी बोलावतात? सगळ्या पंगती उठल्यावर, म्हटलं. कुठं बसतात? बसतो कुठं, जनरेटरच्या बाजूला उभ्याउभ्याच. कोट काढता का जेवताना? काढला तर परत घालायला वेळ कुठला! कोणी अरेतुरे केलं तर? मी म्हटलं, “बेटा, लग्नघर म्हंजे शंभर डोकी. बँडवाल्यानं कान बंद अन् बाजा चालू ठेवायचा. म्हणून तर माझ्या हातून आजवर एक लग्न बिघडलं न्हाई.”

सोहेल ताटाकडे बघत बसला होता. लहानपणी माझ्याबरोबर झांजा घेऊन यायचा, त्याला हे सगळं ठाऊकच आहे. त्यामुळे कंटाळला असेल.

अशी विचारपूस करणारं माणूस बऱ्याच वर्षांनी भेटलं. बरं वाटलं.

२ एप्रिल

ईद झाली. पोरांचं एक गाणं तयार झालंय. मोबाईलवरच रेकॉर्ड केलं, त्याच खोलीत. प्रज्ञेशच्या दुकानात ट्रकवाले पेनड्राइव्ह भरून घेतात. जुनी गाणी, कव्वाल्या, भीमगीतं, ज्याला जे हवं ते. हा पठ्ठ्या विचारतो, “आमचं एक टाकू का?” हो म्हटलं तर शेवटी आपलं गाणं टाकून देतो. नागपूरकडे जाणारा एक सरदारजी परत येताना मुद्दाम थांबला आणि म्हणाला, वह चिल्लाने वाली लडकी का और है क्या? तिघांनी त्याला चहा पाजला.

सोहेलने आज माझ्या कानात इयरफोनची बोंडं घालून ते गाणं ऐकवलं. पुढे उभा राहून माझ्या तोंडाकडे बघत होता. मी पूर्ण ऐकलं आणि खरं ते सांगितलं. “दुसऱ्या कडव्यापासून लय पळून राहिली. अन् पोरगी वरच्या पट्टीत फाटते.”

“अन् शब्द?”

“शब्दाचं काय?”

आम्हा बँडवाल्यांना शब्द नसतातच. हजारेक गाणी वाजवली असतील, एकाचंही दुसरं कडवं विचारा, सांगता येणार नाही. चाल कानात शिरते, बोल दाराबाहेर राहतात. या गाण्यातलं ‘वाजवणार न्हाई, वाजवणार न्हाई’ एवढंच कळलं, कारण ते फार वेळा येतं. मी म्हटलं, “वाजवणार न्हाई म्हणता अन् केवढ्यानं वाजवता!”

तो हसला थोडासा. बोंडं गुंडाळून खिशात टाकली आणि गेला.

१८ एप्रिल

४ मेला यांचा पहिला कार्यक्रम. खोलीसमोरच्या अंगणात, संध्याकाळी पाच वाजता. नांदेडहून, परभणीहून असलीच वाजवणारी पोरं येणार आहेत. करुणाने पुठ्ठा कापून अक्षरं पाडली आणि रंग फवारून कागद केले. एक आमच्या दारावरही लावलाय. मदीनाबीने शेजारपाजारच्या बायांना सांगून टाकलं. पोरगं आनंदात आहे. भाकरी खाताना ताटाच्या काठावर बोटं चालू असतात, मी ओरडलो तरी थांबत नाहीत.

२७ एप्रिल

आज मला फार चांगली सुपारी आली, आणि माझं डोकं दुखून राहिलंय.

डोंगरकड्याचे केळीचे मोठे व्यापारी स्वतः आले. मुलीचं लग्न आहे. म्हणाले, “डीजे नको. आमच्या वडलांच्या लग्नात बँड होता, मला बँडच पायजे.” दोन-तीन वर्षांत हे वाक्य कोणी बोललेलं नाही. माझे दात गेल्यापासून तर लोक मला मास्टर म्हणायचं सोडून ‘चाचा’ म्हणायला लागलेत. मी पान उचललं, सुपारी घेतली आणि मग तारीख विचारली.

४ मे.

तरीही अडचण नव्हती. साइड ड्रमला आमचा कोंडीबा आहेच. पण संध्याकाळी कोंडीबाची बायको केशरबाई सांगत आली की तो मोटारसायकलवरून पडला, मनगट मोडलं, प्लास्टर घातलंय. सीझनच्या दिवसांत दुसरा साइड ड्रमवाला कुठून आणू? सगळ्यांच्या तारखा बांधलेल्या.

सोहेलला सांगितलं, साइड ड्रम तू वाजव. मदीनाबीच बोलली, “पोराचा दिवस हाय तो. सुपारी परत करा.”

“घेतलेली सुपारी परत करून या फाट्यावर तोंड कसं दाखवू?”

“अम्मी, राहू दे,” सोहेल म्हणाला. “वाजवतो, अब्बा. लग्न साडेबाराचं हाय ना? चार वाजता मला सोडा. तेवढं बोला.”

मी बोललो. चार म्हणजे चार.

पोरगं समजूतदार आहे. तसा मीही वाईट बाप नाही.

४ मे

सगळं सविस्तर लिहितो.

साडेबाराचं लग्न तीनला लागलं. नवरदेव मारुतीला निघाला तो मित्रांच्या नाचापायी रस्त्यातच अडकला. ऊन असं की पितळेला हात लावता येईना. लाल कोट सगळ्यांचे पाठीला चिकटलेले. पण वाजवलं मात्र लाजवाब. सोहेलच्या हाताला आज धार होती. म्हातारे लोक मांडवातून उठून बघायला आले. संतरामचा क्लॅरिनेट त्याच्यामागे धावत होता. मला वाटलं, दात गेले तर गेले, पुढची सोय झाली.

अक्षता पडल्या, पंगती बसल्या. आम्ही जनरेटरपाशी थांबलो. चार वाजले. सोहेलने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, म्हणजे निघ. त्याने ड्रमचा पट्टा काढला, काड्या पट्ट्यात खोचल्या. तेवढ्यात नवरदेवाचे मित्र जेवून आले. त्यांना अजून नाचायचं होतं. सोहेल म्हणाला, “आमचे लोक जेवले न्हाईत अजून. अन् माझी वेळ झाली.” तो मोठ्याने बोलला नाही, हे मी लिहून ठेवतो.

त्यातला एक म्हणाला, “बँडवाल्याला कसली वेळ बे?” आणि ड्रमवर लाथ ठेवली. सोहेलने त्याचा पाय बाजूला केला. हाताने, धक्का न देता. मग मात्र बोंब झाली. नवरीचे चुलते आले, चार जण धावले, ‘यांना चढलंय’ वगैरे सगळं निघालं. सोहेल सरळ उभा होता. म्हणाला, “बसायला द्या, जेवायला द्या, मंग बोला. न्हाई तर वाजवणार न्हाई.”

मी मध्ये पडलो. मांडवासमोर, सगळ्यांपुढे हात जोडले. म्हटलं, मालक, लेकरू हाय, चुकलं. माझ्याकडे बघा. वाकलोसुद्धा. ते शांत होईनात, म्हणून सोहेलचा खांदा धरला आणि म्हटलं, “माफी माग.”

त्याने माझ्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलंच नाही. मग म्हणाला, “चुकलं.” पट्टा गळ्यात घातला आणि वाजवायला लागला. सहा वाजेपर्यंत वाजवलं. एक ठोका चुकला नाही.

व्यापारी निघताना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “मास्टर, तुमी होते म्हणून निभावलं. पुढच्या साली धाकटीचंबी तुमच्याकडंच.” एवढ्या माणसांत त्यांनी मास्टर म्हटलं. लग्न बिघडलं नाही. मी केलं ते बराबरच केलं.

येताना टेम्पोत सोहेल मागे ढोलाला टेकून बसला होता. फाट्याला खोलीच्या अंगणात दिवा होता, पण माणसं दिसली नाहीत. टेम्पो थांबवू का विचारलं. तो म्हणाला, “कशाला?”

५ मे

मदीनाबी सांगत होती. पोरं वाट बघून बघून सहाला उभी राहिली. ड्रम नाही, तर करुणाने पत्र्याचा डबा बडवत एक गाणं म्हटलं आणि मध्येच थांबली. परभणीची पोरं शेवटची बस चुकेल म्हणून निघून गेली. दारावरचा कागद सोहेलने आज काढला. फाडला नाही, चारी टाचण्या काढून घडी घातली.

११ मे

प्रज्ञेश घरी येऊन गेला. दोघं अंगणात बोलत होते, मी आतून ऐकलं.

“परत लावू ना तारीख,” प्रज्ञेश म्हणत होता. “लोक समजून घेतेत. तू काहून असा करून राहिला?”

“तू वाजव. मला नको.”

“आबे, आपलंच गाणं हाय ते!”

“व्हय. म्हणूनच.”

थोडी नाराजी राहील, मग होईल नीट. या वयात दोस्तांची भांडणं व्हायचीच.

२० मे

आनंदाची गोष्ट. सोहेल आपणहून म्हणाला की सीझनभर माझ्याबरोबर येतो, वेल्डिंगवाल्याला सांगितलंय. किती वर्षं ही गोष्ट मनात होती, बोललो नव्हतो. कळमनुरीच्या लग्नात आज त्याने लाल कोट स्वतः इस्त्री करून घातला. संतराम म्हणाला, “मास्टर, काळजी मिटली तुमची.”

व्हय म्हटलं.

१ जून

सोहेल फार शिस्तीत वाजवतो. कोणी अरेतुरे केलं तर मान खाली घालतो. नाचणारे आणखी म्हणाले, तर आणखी. सगळे जेवल्यावर आमची ताटं तोच लावून आणतो, मला पहिलं देतो. कोणाची तक्रार नाही.

एक गोष्ट लिहू की नको. पूर्वी तो तालात मध्येच काहीतरी जास्तीचं टाकायचा. एखादा उलटा ठोका, एखादी गिरकी. मी डोळे वटारायचो आणि तो गालात हसायचा. आता टाकत नाही. आज मी वाट बघत होतो, टाकील म्हणून. आजच्या दोन्ही लग्नांत एकदाही टाकलं नाही. मी शिकवलं तेच आणि तेवढंच वाजवतो. घरी ताटावर बोटंही चालत नाहीत. एवढं शांत जेवण आमच्या घरात कधी झालेलं नाही, आणि ते मला सोसेना.

१५ जून

मोबाईलला काच टाकायला प्रज्ञेशच्या दुकानात गेलो. करुणा तिथे बसली होती. तिला नांदेडच्या दवाखान्यात नोकरी लागली, पुढच्या आठवड्यात जाणार. मी मुबारक म्हटलं. गिटार कोपऱ्यात उभी होती, तिच्यावर चार्जरच्या वायरी टांगलेल्या.

मी म्हटलं, “बेटा, ते तुझं गाणं एकदा ऐकव.”

“माझं कुठं, चाचा? शब्द सोहेलचे हायत. मी नुसती ओरडत होते.”

हे मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, “मंग चालीत नको म्हणू. नुसतं सांग. चाल आली की मला बोल ऐकू येत न्हाईत.”

तिने प्रज्ञेशकडे बघितलं. त्याने मान खाली घातली आणि काच घासत राहिला. तिने गाण्यासारखं नाही, शाळेत उभं राहून म्हणतात तसं म्हटलं:

लाल कोट, पिवळी दोरी,
उन्हात उभा माझा बाप.
पंगत उठली, मांडव धुतला,
कोणी म्हणलं न्हाई, बस, बाप.

फुंक त्याची, लग्न त्यांचं,
नाव कोणाला ठाऊक न्हाई.
एक दिवस बाप म्हणल,
आता वाजवणार न्हाई.

खुर्ची आणा, आधी बसतो,
ताट वाढा, आधी खातो.
हात माझे बाजाचे हायत,
जोडायाचे हात न्हाई.
वाजवणार न्हाई, वाजवणार न्हाई.

शेवटची ओळ म्हणताना तिचा आवाज बारीक झाला. दुकानात गिऱ्हाईक आलं, त्याला कव्हर पाहिजे होतं. प्रज्ञेशने दाखवलं. मी स्टुलावर बसून राहिलो. ही चाल मी दोन महिन्यांपूर्वी ऐकली होती आणि लय पळते म्हणालो होतो.

करुणा म्हणाली, “तुमचा राग न्हाई कोणाला, चाचा.” तिने हे म्हटलं नसतं तर बरं झालं असतं.

घरी आलो. मदीनाबीला विचारलं, तुला ठाऊक होतं? ती म्हणाली, “सगळ्या फाट्याला ठाऊक होतं.”

पोराच्या मनातला बाप वेगळाच होता. तो मान वर करून खुर्ची मागत होता. पोराने त्याला ट्रकवाल्यांच्या हातांनी नागपूरपर्यंत पोचवलं. आणि ज्या दिवशी तो अंगणात उभा राहणार होता, त्याच दिवशी मी खरा बाप आणून पोराच्या डोळ्यांदेखत वाकवला. वर पोराकडूनही ‘चुकलं’ वदवून घेतलं. मला लाज वाटते, आणि ती जाईल असं वाटत नाही.

१६ जून

आज सकाळी सोहेल अंगणात साइड ड्रमचं कातडं ताणत होता. मी बाजूला बसलो. बोलायचं ठरवून आलो होतो, तरी आधी हवापाण्याचं बोललो. मग म्हटलं, “करुणानं बोल सांगितले मला.”

तो स्क्रू फिरवत राहिला.

“सोहेल, त्या दिवशी डोंगरकड्याला मी हात जोडायला नको होते. तुला माफी मागायला लावायला नको होती. चुकलं माझं.”

त्याने बोटाने कातड्यावर टिचकी मारून सूर बघितला. एका बाजूला जरा सैल होतं, ते आवळलं.

“तुमी लावा परत कार्यक्रम,” मी म्हटलं. “करुणा जायच्या आत. मी सुपारी परत करतो. कोणाचीबी असू दे. मी स्वतः जाऊन सांगतो, माझं पोरगं त्या दिवशी मोकळं न्हाई.”

तेव्हा त्याने वर बघितलं. राग नव्हता त्याच्या डोळ्यांत. राग असता तर मी तिथेच त्याला मिठी मारली असती.

“नका मनाला लावून घेऊ, अब्बा,” तो म्हणाला. “बराबरच केलं तुमी. पंचवीस माणसं होती त्यांची, आपण आठ. ते गाणं लिहिलं तवा मला काय कळत होतं? आता तुमच्या जागी मी असतो, तं मीबी हात जोडले असते.”

आणि ड्रम माझ्यापुढे सरकवून म्हणाला, “बघा, सूर जमला का.”

मी वाजवून बघितलं. जमला होता. मदीनाबी दारात उभी होती, ती चहा न देताच आत गेली.